वकिली व्यवसाय, खान्देशातील

खान्देशातील वकिली प्रामुख्याने शेतजमिनीवर पोसली गेली आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार येथे जिल्हा व सत्र न्यायालये आहेत. उच्च न्यायालयातील कामे मुंबईऐवजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठापुढे चालतात.

पदवीनंतर तीन किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण केला, की महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद मिळते. नोंदणी शुल्क कायद्याने ठरवलेल्या ७५० रुपयांपेक्षा (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५) जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बजावले. सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षा. जळगावातून वकिली सुरू केलेल्यांत माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आणि सरकारी वकील म्हणून गाजलेले उज्ज्वल निकम ही नावे सर्वपरिचित आहेत.

खरे शिक्षण सीनियरच्या ऑफिसात होते. ज्युनिअरकडे आधी मुदत अर्ज, हजेरी माफीचे अर्ज, नकला काढणे आणि बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीवर) लक्ष ठेवणे अशी किरकोळ कामे येतात. मिळकत बेताचीच; घरचा आधार नसलेल्यांना ही वर्षे जड जातात, आणि चांगली मुले इथेच गळतात. टिकलेला ज्युनिअर सातबारा व फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी) उलट्या क्रमाने वाचायला शिकतो. वाटणीच्या दाव्यात बहिणीचे नाव कोणत्या फेरफाराने कमी झाले, हे सापडले की निम्मी कैफियत तयार झाली म्हणायची. पुस्तकी कायदा पाठ असलेला पण फेरफार न वाचता येणारा वकील तालुक्याला फारसा उपयोगी नाही.

शेतरस्त्याच्या तंट्यात ही पारख विशेष दिसते. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल, तर जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ लागते, आणि त्यावरील निर्णयाविरुद्ध वर्षभरात दिवाणी दावा करता येतो. अर्ज चुकीच्या कलमाखाली गेला तर पेरणीचा हंगाम तारखांतच निघून जातो. म्हणून जाणता वकील वकीलपत्र घेण्याआधी पक्षकाराला मोजणीचा नकाशा आणायला सांगतो, जमल्यास बांधावर जाऊनही येतो. भाऊबंदकीत तो लोकअदालतीचा मार्गही सुचवतो: तेथील निवाड्यावर अपील नाही आणि न्यायालयीन शुल्क परत मिळते. फीचे पैसे मात्र कापूस किंवा केळी विकल्यावर येणार, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते.

नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात प्रश्न वेगळे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर संहितेच्या कलम ३६ व ३६-अ चे निर्बंध आहेत, तर १९७४ चा कायदा गेलेली जमीन परत मिळवून देण्याचा. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे असतात. येथे पक्षकार भिली किंवा पावरीत बोलतो, जबाब मराठीत लिहिला जातो आणि प्रकरण खंडपीठात गेले की इंग्रजीत. साक्षीदार वर्ष सांगताना सन नव्हे, तर दुष्काळ किंवा लग्न सांगतो. ते सन फेरफाराशी जुळवून घेण्याचे काम उलटतपासापूर्वी वकिलालाच करावे लागते.