यूचं लाकूड, हंसाची पिसं आणि ११६ वर्षांचं भांडण

फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स १३२८ मध्ये वारला तेव्हा त्याला मुलगा नव्हता. गादी चुलतभाऊ फिलिपला मिळाली. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड हा चार्ल्सच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. पण आईकडून वारसा चालत नाही, असं फ्रेंच सरदारांनी ठरवलं. १३३७ मध्ये फिलिपनं एडवर्डच्या ताब्यातला गॅस्कनी प्रांत जप्त केला आणि मधले तह धरून हे भांडण, म्हणजे ‘शंभर वर्षांचं युद्ध’, १४५३ पर्यंत चाललं. वंशावळीचा गुंता इथंच सोडू. आपल्याला बघायची आहे ती त्यातली एक वाकवलेली काठी.

इंग्लिश लाँगबो म्हणजे यू या सूचिपर्णी झाडाच्या एकाच तुकड्यातून तासलेलं, साधारण दोन मीटर लांबीचं धनुष्य. धनुष्य ओढलं की पुढची बाजू ताणली जाते, तिरंदाजाकडची दाबली जाते. यूच्या सालीलगतचं पांढरट लाकूड ताण झेलतं आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो. म्हणून फळी अशी काढायची की पाठीवर, म्हणजे पुढच्या बाजूला, पांढरा थर आणि पोटाला, म्हणजे तिरंदाजाकडे, गाभा येईल. जोड-धनुष्यात शिंग आणि जनावराच्या कंडरांचे तंतू सरसानं चिकटवून जे काम साधावं लागतं, ते इथं झाडानंच करून ठेवलेलं असतं. शिवाय ओल्या हवेत सुटायला सरसच नाही.

चुका मात्र इथंच होतात. पाठीवर वाढीचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहायला हवं. रंधा जरा खोल गेला आणि तंतू कापले गेले, की चीर तिथूनच सुरू होते. गाठ आली तर ती सपाट न करता तिच्याभोवती लाकूड जास्त ठेवतात. मग दोरी थोडी थोडी ओढत, जो भाग कमी वाकतो तेवढाच तासत जायचं. एक जागा जास्त वाकली तर पोटाकडचे तंतू चुरगळून आडव्या बारीक रेषा उमटतात. अशा धनुष्याचा भरवसा नाही. आणि बाण न लावता ताणलेली दोरी कधीच सोडायची नाही: बाणात जाणारी ऊर्जा लाकडातच राहते आणि धनुष्य तुटू शकतं.

युद्धकाळातली धनुष्यं जवळपास उरलेली नाहीत. पण १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढलं आणि त्यावरची शंभराहून जास्त धनुष्यं हाती लागली. ती ओढायला साधारण ४५ ते ८४ किलोचा जोर लागत असावा, असा अंदाज आहे. सिमेंटची गोणी ५० किलोची असते; तेवढं वजन बोटांवर पेलून कानापर्यंत आणायचं, तेही पुन्हा पुन्हा. हे लहानपणापासून घोटल्याशिवाय जमत नाही. म्हणूनच १३६३ मध्ये एडवर्डनं सुटीच्या दिवशी तिरंदाजीचा सराव सक्तीचा केला.

एवढ्या जोरानं सुटलेला ८० ग्रॅमचा बाण सेकंदाला ५० मीटर वेगानं निघाला, तर त्याची ऊर्जा १०० जूल. ताशी १४० किलोमीटरनं येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूत याहून थोडी जास्तच असते! सगळा फरक टोकाचा. तीच ऊर्जा काही चौरस मिलिमीटरवर एकवटते. तरीही चांगल्या पोलादी छातीकवचावरून बाण घसरतो. बाण कवच आरपार फोडत, हा समज बराचसा फुगवलेला आहे.

मग २५ ऑक्टोबर १४१५ ला फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत इंग्लिश कसे जिंकले? रात्रभर पाऊस, नांगरलेलं शेत, दोन्हीकडे रान. बाण फ्रेंचांच्या घोड्यांना लागले आणि बिथरलेले घोडे मागे आपल्याच माणसांत घुसले. पायी येणाऱ्या सरदारांच्या अंगावर २०-३० किलोचं कवच. चिकणमातीत रुतलेला पाय उपसताना खाली पोकळी होते आणि माती तो मागे ओढते. प्रत्येक पावलाला तेच. बाणांमुळे शिरस्त्राणाची झडप बंद ठेवावी लागे, म्हणजे श्वासही कोंडलेला. इंग्लिशांजवळ पोचेपर्यंत ते दमले होते आणि दाटीत हात हलवायलाही जागा नव्हती. बाण संपल्यावर तिरंदाज मोगऱ्या, कुऱ्हाडी घेऊन त्यांच्यावर तुटून पडले.

बाण संपणं ही नेहमीची अडचण. एका जुडीत २४ बाण. मिनिटाला दहा सोडले तर जुडी तीन मिनिटंही पुरत नाही. १४१७ मध्ये इंग्लंडचा राजा पाचव्या हेन्रीनं फर्मान काढलं: प्रत्येक हंसाची (इंग्रजीत ‘गूज’) सहा पिसं राजाला. एका बाणाला तीन पिसं, म्हणजे हंसामागे दोन बाण.

फ्रेंचांनी अशी तिरंदाजी घरोघर रुजवली नाही, तोफखाना उभारला. १७ जुलै १४५३ ला गॅस्कनीतल्या कॅस्टिलाँपाशी फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख जाँ ब्युरो याच्या तोफा खंदकामागे मांडलेल्या होत्या. इंग्लिश सेनापती टॅल्बटनं मागचं पायदळ येण्याची वाट न पाहता थेट हल्ला केला. तोफेच्या गोळ्यानं त्याचा घोडा पडला, तो खाली अडकला आणि एका फ्रेंच सैनिकाच्या कुऱ्हाडीनं मारला गेला.