पारा थांबतो, उष्णता थांबत नाही

0° सेल्सिअसचा 100 ग्रॅम बर्फ 50° सेल्सिअसच्या 100 ग्रॅम पाण्यात टाकला, तर मिश्रणाचं तापमान किती? हे गणित पहिल्यांदा समोर आलं की बरेच जण 25° लिहून मोकळे होतात. खरं उत्तर 0° आहे, आणि वर 37.5 ग्रॅम बर्फ न वितळता शिल्लक राहतो. चूक करणाऱ्यांनी फार मनाला लावून घेऊ नये. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत भल्याभल्यांचीही अशीच समजूत होती. बर्फ वितळणबिंदूला पोचला की आणखी चिमूटभर उष्णता दिली तरी सगळा वितळेल, असं सर्रास मानलं जाई.

ग्लासगो विद्यापीठातले प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांना ते पटेना. तसं असतं, तर थंडी सरताच डोंगरावरचा सगळा बर्फ एका झटक्यात वितळून महापूर आले असते, असा त्यांचा साधा मुद्दा. बर्फ तर आठवडेच्या आठवडे तसाच पडून असतो.

मग त्यांनी काचेचे दोन सारखे गोल घेतले. दोन्हींत सारखंच पाणी. एकातलं गोठवलेलं, दुसऱ्यातलं गोठायच्या बेतात आलेलं, 33° फॅरनहाइटचं. दोन्ही गोल 47° फॅरनहाइटच्या मोठ्या दालनात टांगले आणि वाट पाहत बसले. पाणी अर्ध्या तासात 7 अंशांनी तापून 40° वर आलं. बर्फाच्या गोलाला तिथवर यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस अर्धे तास. दर अर्ध्या तासाला 7 अंशांची उष्णता धरली तर 147 अंश होतात. त्यातले 8 अंश 32° वरून 40° वर येण्यात गेले. उरलेले 139 गेले कुठे? तापमापीत तर ते दिसले नाहीत. तापमान न वाढवता नुसता बर्फ वितळवण्यात खपणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. आज आपण तो ग्रॅमला 80 कॅलरी धरतो. एक कॅलरी एक ग्रॅम पाण्याला 1° सेल्सिअसने तापवते, म्हणजे हे 80° सेल्सिअस झाले, फॅरनहाइटच्या हिशोबात 144 अंश. हाती फक्त घड्याळ आणि तापमापी असताना इतकं जवळ जाणं, याला माझा सलाम!

पाण्याची वाफ होण्याचा हिशोबही त्यांनी असाच केला. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर भांडं ठेवलं. 50° फॅरनहाइटचं पाणी 4 मिनिटांत उकळायला लागलं, पण आटायला आणखी 20 मिनिटं लागली. 4 मिनिटांत 50° वरून 212° म्हणजे 162 अंश, तर 20 मिनिटांत त्याच्या पाचपट, 810 अंश निघाले. हा आकडा मात्र कमी आहे. आजच्या 540 कॅलरी म्हणजे जवळपास 970 अंश.

1762 मध्ये ब्लॅक यांनी हे ग्लासगोतल्या विद्वानांच्या मंडळापुढे वाचलं, वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, पण छापलं नाही. त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपात आली 1803 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. दरम्यान स्वीडनमध्ये योहान विल्के यांनी 1772 मध्ये गरम पाण्यात बर्फ वितळवून स्वतंत्रपणे तोच शोध लावला. त्यांचा आकडा 72° सेल्सिअस.

त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅटना वेगळंच कोडं पडलं होतं. थोडीशी वाफ थंड पाण्यात सोडली, तर ती आपल्या वजनाच्या सहापट पाण्याला उकळीपर्यंत नेते, हे कसं? उलगडा ब्लॅक यांच्याकडून झाला. एवढी उष्णता वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर पुन्हा पुन्हा थंड करण्यात वाया जाते, हे वॅटना खुपत होतंच. 1765 मध्ये त्यांना वाफ वेगळ्या पात्रात थंड करण्याची युक्ती सुचली.

लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1782-83 च्या हिवाळ्यात प्रश्न उलटा फिरवला. तापमानाकडे पाहायचंच नाही. वस्तूभोवती बर्फ ठेवायचा आणि वितळून गळालेलं पाणी तोलायचं. जितकं पाणी, तितकी उष्णता.

सुरुवातीचं गणितही असंच तोलून सुटतं. 50° चं पाणी 0° पर्यंत उतरताना 100 × 1 × 50 = 5000 कॅलरी देतं. सगळ्या बर्फाला हव्यात 100 × 80 = 8000. म्हणजे 5000 ÷ 80 = 62.5 ग्रॅम बर्फ वितळतो आणि उष्णता तिथेच संपते. ही तुलना आधी न करता थेट अंतिम तापमानाचं समीकरण मांडलं, तर उत्तर उणे 15° येतं: गरम पाणी ओतून बर्फ आणखी गार!