जुन्या ओव्हरड्राफ्टची वसुली नोटीस आली? सही करण्याआधी हे वाचा

धंदा बंद होऊन आठ-दहा वर्षं झालेली असतात, आणि अचानक वसुली एजन्सीचं पत्र येतं: ओव्हरड्राफ्टची (खात्यातल्या शिलकीपेक्षा जास्त काढलेल्या पैशांची) थकबाकी सात दिवसांत भरा. माणूस घाबरतो आणि नेमकी नको ती गोष्ट करतो, सही.

गेल्या वर्षी एक दुकानदार प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. एजंटने त्यांच्याकडून ‘व्याजात सवलत मिळावी’ असा अर्ज लिहून घेतला होता. त्यात मधेच एक ओळ होती: ‘सदर बाकी मला मान्य असून ती मी भरण्यास तयार आहे.’ सवलत मिळाली नाहीच. उलट तोच कागद त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला.

बिनतारण बाकीसाठी दावा लावायची मुदत साधारण 3 वर्षं असते. (घर किंवा जमीन गहाण असेल तर 12 वर्षं, तेव्हा आधी वकील गाठा.) लोक हिशेब चुकतात तो इथे. बँकेने पाठवलेल्या पत्रांनी मुदत वाढत नाही, कर्ज दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं म्हणूनही ती नव्याने सुरू होत नाही. मुदत चालू असताना तुम्ही बाकी मान्य केल्याची लेखी सही दिली किंवा थोडी रक्कम भरली, तर मात्र 3 वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. दरवर्षी ओव्हरड्राफ्टच्या नूतनीकरणाला केलेल्या सह्याही यात येतात, म्हणून शेवटची सही कधी केली ते आठवा. मुदत संपल्यावरही ‘मी भरीन’ असं लिहून सही केलीत, तर करार कायद्याच्या कलम 25(3) खाली ते नवं वचन ठरतं.

म्हणून पहिलं उत्तर लेखीच द्या, पोचपावतीच्या टपालाने. ‘बाकी मला मान्य नाही, आधी कागद दाखवा’ एवढंच लिहा आणि मागा: मंजुरीपत्र, सुरुवातीपासूनचा खातेउतारा, कर्ज विकलं असेल तर हस्तांतरणाचा कागद आणि एजंटचं अधिकारपत्र. उतारा बहुतेकदा मिळत नाही. ‘रेकॉर्ड जुनं आहे’ हे उत्तर ऐकून कंटाळा आलाय. रेकॉर्ड नसेल तर आकडा आला कुठून? बाकी सिद्ध करायची जबाबदारी मागणाऱ्याची आहे. तुमच्याकडे खातं बंद केल्याचं पत्र किंवा नो ड्यूज (बाकी नसल्याचा दाखला) असेल तर फक्त झेरॉक्स जोडा, मूळ कागद कुणालाही देऊ नका.

बचत खातं निव्वळ किमान शिलकीच्या दंडाने उणे झालं असेल, तर तो ओव्हरड्राफ्ट नव्हेच. 1 एप्रिल 2015 पासून रिझर्व्ह बँकेने अशा दंडाने खातं उणे करायला मनाई केली आहे. पत्रात तसं स्पष्ट लिहा.

वडिलांच्या खात्याची बाकी मुलांकडे मागत असतील, तर वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

लोकअदालतीची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. तडजोड करणं बंधनकारक नाही, पण तिथे सही केलीत तर तो हुकूमनामा (कोर्टाच्या निकालासारखा) होतो आणि त्यावर अपील नाही. कोर्टाचं समन्स मात्र ‘मुदत संपलीय’ म्हणून पिशवीत टाकून ठेवू नका. समरी दाव्यात (झटपट चालणाऱ्या वसुलीच्या दाव्यात) हजेरी लावायला समन्स मिळाल्यापासून फक्त 10 दिवस असतात, पुढच्या तारखेपर्यंत नव्हे. साध्या दाव्यात लेखी म्हणण्यासाठी 30 दिवस मिळतात. गैरहजर राहिलात तर खरी बाजूही ऐकून घेतली जात नाही.

सिबिलवर (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे) नोंद दिसत असेल तर तिथे वेगळा वाद नोंदवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. दाव्याची मुदत संपली म्हणून ही नोंद आपोआप जात नाही.

एजंटने सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, शेजाऱ्यांसमोर अपमान करायचा नाही. ‘पोलीस उचलून नेतील’ ही निव्वळ धमकी आहे, हे दिवाणी प्रकरण आहे. मात्र भीतीपोटी चेक लिहून दिलात आणि तो वटला नाही, तर फौजदारी खटला होऊ शकतो. फोनची तारीख-वेळ वहीत टिपून बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. फक्त बँकेकडे केलेल्या तक्रारीची पोच जोडायला विसरू नका, बरेच अर्ज तिच्याविना परत येतात.