'द ओल्ड मॅन अँड द गन'मागचा खरा दरोडेखोर

2018चा हा पिक्चर बघताना वाटतं की रॉबर्ट रेडफोर्डसाठीच बेतून लिहिलाय, सूट घालून गोड हसत बँक लुटणारा म्हातारा वगैरे, पण फॉरेस्ट टकर नावाचा माणूस खरंच होऊन गेला. जन्म 1920, मायामी. पंधराव्या वर्षी गाडीचोरीत आत गेला, तिथूनही पळाला आणि मग आयुष्यभर तेच, अल्काट्राझ या बेटावरच्या कुप्रसिद्ध तुरुंगाची हवासुद्धा खाऊन झाली. 18 वेळा यशस्वी पळालो, 12 वेळा फसलो असा हिशोब तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे थोडं मीठमसाला धरूनच चाला.

पण 1979चा किस्सा नोंदलेला आहे. वय 59, तुरुंग सॅन क्वेंटिन. दोन साथीदारांसोबत लाकूड, प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी वापरून चक्क होडी बनवली, तिच्यावर 'रब-अ-डब-डब' असं रंगवलं, अंगावर यॉट क्लबचे कपडे, आणि निघाले खाडीतून! होडीत पाणी शिरायला लागलं तेव्हा टॉवरवरच्या गार्डने मदत हवी का म्हणून विचारलं, तर एकाने ओरडून सांगितलं की वल्ही गेली पण घड्याळ चालू आहे. गार्ड हसला, हे पसार.

पिक्चर मुख्यतः 1981च्या आसपासचा काळ घेतो, जेव्हा टकर आणि त्याची म्हाताऱ्यांची टोळी टेक्सास-ओक्लाहोमा भागात बँका मारत होती. कानात श्रवणयंत्र दिसायचं, ते असायचं पोलिसांचा रेडिओ ऐकायला. पत्रकार डेव्हिड ग्रॅनने टकरला तुरुंगात गाठून 2003मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात हे सगळं लिहिलं आणि त्यावरून दिग्दर्शक डेव्हिड लोअरीने पिक्चर केला. पळण्याच्या मॉन्टाजमध्ये (झरझर एकामागोमाग येणारी दृश्यं) रेडफोर्डच्याच 1966च्या 'द चेस'मधला तुकडा टाकलाय, ते मला भारी आवडलं.

खटकतं ते घरच्यांचं. तीन लग्नं केली, आणि नवरा दरोडेखोर आहे हे बायकांना कळलं ते अटक झाल्यावर. एकीला तर तो गाणी लिहितो असंच वाटायचं! पिक्चरमध्ये हे ओझं मुलीच्या एका छोट्या सीनवर ढकलून दिलंय, आणि तो हलकाफुलका राहतो तो त्यामुळेच.

शेवटचा दरोडा 1999, फ्लोरिडा, वय 78. पकडला गेला, 13 वर्षांची शिक्षा लागली आणि 2004मध्ये टेक्सासच्या तुरुंगातच वारला.