हळद कुणाकडून कुणाकडे जाते?

सांगलीच्या मार्केट यार्डात सौदा निघतो तेव्हा हळद म्हणजे निव्वळ माल. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, क्विंटलचा भाव बोलतो आणि पुढच्या ढिगाकडे सरकतो. तीच हळद कराड तालुक्यातल्या पालीला पोचली की तिचा भंडारा होतो. पौषात खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाला ती अशी उधळली जाते की माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. लग्नघरात ती अंगाला लागते, संक्रांतीनंतर करंड्यात बसते आणि बोट कापलं की कुणीतरी चिमूटभर आणून दाबतं.

रसायनशास्त्राच्या लेखी हा सगळीकडे एकच कंद आहे, पिवळेपणा कर्क्युमिनचा. मग हे वेगवेगळे अर्थ येतात कुठून?

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1973 मध्ये तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांचा एक दाखला वापरला. एका पोराची पापणी आपोआप फडफडते, दुसरा मुद्दाम डोळा मारतो. हालचाल तीच. फरक कळायला त्या दोघांत काय चाललंय हे ठाऊक असावं लागतं. संस्कृतीचा अभ्यास म्हणजे असे अर्थ वाचणं, असं गीर्ट्झ यांचं म्हणणं.

पण वाचायचं कसं? इथे मला दुसरे मानववंशशास्त्रज्ञ, व्हिक्टर टर्नर, जास्त कामाचे वाटतात. 1950 च्या दशकात, आजच्या झांबियाच्या वायव्य भागात, ते न्डेम्बू लोकांत राहिले. तिथे एका झाडाची साल खरवडली की दुधासारखा पांढरा चीक येतो. मुलगी वयात आली की तिचा विधी या झाडाखाली होतो. बायकांना विचारलं, तर हे आईचं दूध, हे मायलेकींचं नातं, ही आम्हा सगळ्यांची एकी! टर्नर यांनी ऐकून घेतलं आणि मग नुसतं बघत बसले. झाडाभोवती बायकांनी फेर धरला होता आणि त्या मुलीच्या सख्ख्या आईलाच त्यात शिरू देत नव्हते. म्हणून त्यांनी प्रतीकाकडे तीन बाजूंनी बघायचं ठरवलं: लोक त्याबद्दल काय सांगतात, त्याचं काय करतात आणि ते कशाच्या शेजारी ठेवतात.

आता आपली हळद घ्या. आजीला विचारा, ती म्हणेल, "शुभ असते बाबा." झालं, पहिली बाजू संपली. दुसरी बघा. लग्नात हळद आधी नवऱ्या मुलाला लागते आणि त्यातली उरलेली नवरीकडे जाते. तिला आपण उष्टी हळद म्हणतो, आणि या शब्दात कुणाला काही खटकत नाही. हळदीकुंकवाला करंडा बायकांच्या रांगेतून फिरतो, पण विधवेला मुळात बोलावलेलंच नसतं. तिसरी बाजू शेजाऱ्यांची. करंड्यात हळदीशेजारी कुंकू असतं. पारंपरिक कुंकू हळदीचंच. चुन्याने ती लाल होते. तिथे ती सौभाग्याची. पालीत तिच्या शेजारी खोबरं असतं आणि वरून पडणारा भंडारा कपाळ कुणाचं ते विचारत नाही.

एवढं बोललो, पण जपून. गीर्ट्झ यांनी बालीतल्या कोंबड्यांच्या झुंजीत गावकऱ्यांच्या प्रतिष्ठेचं अख्खं नाट्य वाचलं, तेव्हा टीकाकारांनी विचारलंच, की हे त्या गावकऱ्यांना दिसतं की फक्त तुम्हाला? अभ्यासकही अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात.

अर्थ बदलतातही. सांगलीहून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं.

उष्टी हळद मात्र अजून नवऱ्या मुलाच्याच घरून निघते.