परराज्यातील डीयूआय खटल्याकडे पाठ फिरवण्याचे परिणाम (अमेरिका)

अमेरिकेत एका राज्याचा रहिवासी दुसऱ्या राज्यात दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला आणि नंतर तिथल्या न्यायालयात हजर राहिलाच नाही, तर त्याच्यामागे जो कायदेशीर ससेमिरा लागतो त्याची ही नोंद आहे. या गुन्ह्याला राज्यागणिक डीयूआय, डीडब्ल्यूआय किंवा ओडब्ल्यूआय म्हणतात. गुन्ह्याचा कायदा राज्याचा, परवाना देणारे खाते राज्याचे आणि न्यायालयही राज्याचे. त्यामुळे सुट्टीत कॅलिफोर्नियाला गेलेल्या न्यू जर्सीच्या माणसाला घरी परतल्यावर प्रकरण तिकडेच राहिले असे वाटते. खटला तिकडेच राहतो हे खरे, पण तो मिटत नाही. पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्या आणि कुणाला इजा न केलेल्या चालकाचे प्रकरण बहुधा दंड, दारूच्या दुष्परिणामांविषयीचे सक्तीचे वर्ग आणि काही महिन्यांचे परवाना निलंबन यांवर आटोपते. तेच प्रकरण गैरहजेरीमुळे वर्षानुवर्षे लोंबकळते आणि दरम्यान वाढत जाते.

रक्तातील अल्कोहोलची मर्यादा बहुतेक सर्व राज्यांत ०.०८ टक्के आहे. २००० साली केंद्र सरकारने महामार्गांचा निधी या मर्यादेशी जोडला आणि २००४ मध्ये डेलावेअरने ती शेवटी स्वीकारली. युटाने ३० डिसेंबर २०१८ पासून ती ०.०५ वर आणली. (भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, ही मर्यादा आहे. आपला कायदा कागदावर अधिक कडक आहे.) २०२२ या एका वर्षात अमेरिकेत दारूच्या अमलाखालील वाहनचालकांच्या अपघातांत १३,५२४ माणसे मेली. राज्ये या गुन्ह्याचा पाठपुरावा सहजासहजी का सोडत नाहीत, हे या आकड्यावरून समजावे.

एका अटकेची दोन प्रकरणे

सर्वांत जास्त गफलत इथे होते. अटक एकच असली तरी प्रकरणे दोन सुरू होतात. एक फौजदारी न्यायालयात चालते, दुसरे त्या राज्याच्या मोटार वाहन विभागात. विभागातले प्रकरण न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत नाही. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने चाचणीला आधीच संमती दिली आहे असे कायदा गृहीत धरतो. चाचणीत मर्यादा ओलांडली किंवा चाचणी नाकारली, की परवाना निलंबनाची कारवाई आपोआप सुरू होते. तिच्याविरुद्ध सुनावणी मागण्याची मुदत फारच तोकडी असते: कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात १० दिवस, टेक्ससमध्ये १५. विमानाने घरी येऊन, कुणाला सांगावे की नाही या विचारात आठवडा गेला, की ही मुदत जवळजवळ संपलेली असते. कॅलिफोर्नियात पहिल्या वेळी निलंबन चार महिन्यांचे, चाचणी नाकारली असल्यास एक वर्षाचे.

परराज्यातला पोलीस पाहुण्या चालकाचे कार्ड सहसा काढून घेत नाही, कारण ते त्याच्या राज्याने दिलेले नसते. निलंबित होतो तो त्या राज्याच्या हद्दीत गाडी चालवण्याचा हक्क. कार्ड खिशात तसेच राहते, आणि ते खिशात आहे म्हणून सगळे ठीक आहे असा समज होतो. या एका समजाने कितीतरी लोकांचे नुकसान केले आहे.

न्यायालयाच्या बाजूचे चित्र निराळे आहे. सुटताना आरोपी तारखेला हजर राहण्याचे लेखी वचन देतो, जातमुचलका देतो किंवा जामिनाची रक्कम भरतो. तारखेला तो आला नाही तर न्यायाधीश ‘बेंच वॉरंट’ काढतात, जामिनाची रक्कम जप्त होऊ शकते आणि बऱ्याच राज्यांत जाणूनबुजून गैरहजर राहणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. मूळ आरोपातून एखादा निर्दोष सुटला तरी हा दुसरा आरोप उरू शकतो.

न्यू जर्सीत डीडब्ल्यूआय हा फौजदारी गुन्हा नसून वाहतूक कायद्याचा भंग मानला जातो आणि विस्कॉन्सिनमध्ये पहिली वेळ दिवाणी स्वरूपाची असते. अशा राज्यांत राहणारे लोक शेजारच्या राज्यातला आरोपही तितकाच हलका समजतात. पण आरोपाचे वजन ठरते ते जिथे गाडी अडवली त्या राज्याच्या कायद्याने.

माहिती घरापर्यंत कशी पोहोचते

राज्यांना जोडणाऱ्या तीन व्यवस्था आहेत आणि त्यांची सतत गल्लत केली जाते. पहिली ‘ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट’ हा राज्या-राज्यांमधला करार. एक चालक, एक परवाना, एक नोंद हे त्याचे सूत्र. दोषसिद्धी झाली की ते राज्य चालकाच्या मूळ राज्याला कळवते, आणि दारू पिऊन गाडी चालवण्यासारख्या गंभीर गुन्ह्यांत मूळ राज्य तो गुन्हा आपल्याच हद्दीत घडल्याप्रमाणे कारवाई करते. जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, टेनेसी आणि विस्कॉन्सिन ही राज्ये या कराराबाहेर मानली जातात, पण म्हणून तिथले रहिवासी सुटत नाहीत. त्याचे कारण पुढे येते.

दुसरा ‘नॉनरेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट’. वेगमर्यादेसारख्या किरकोळ चलनाचा दंड न भरणाऱ्या परराज्यातल्या चालकाचा परवाना त्याच्या राज्याने रोखावा, यासाठी तो आहे. कॅलिफोर्निया, ओरेगॉन, मिशिगन यांसारखी काही राज्ये त्यात नाहीत. एवढे वाचून काहीजण डीयूआयलाही हाच नियम लावतात आणि निर्धास्त होतात. पण ज्या गुन्ह्यांत न्यायालयात हजर राहणे सक्तीचे आहे ते या कराराच्या कक्षेतच येत नाहीत.

तिसरी आणि खरी धारदार व्यवस्था म्हणजे १९६० च्या केंद्रीय कायद्याने उभी राहिलेली ‘नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर’. तिच्यात चालकाचा संपूर्ण इतिहास नसतो. ज्याचा परवाना किंवा गाडी चालवण्याचा हक्क कुठल्याही राज्याने काढून घेतला आहे, त्याचे नाव आणि ते राज्य कोणते एवढीच खूण असते. परवाना देताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना राज्यांना ही यादी तपासावी लागते. म्हणून वर्षानुवर्षे काहीच न घडल्यानंतर एखादा माणूस नूतनीकरणासाठी खिडकीशी उभा राहतो आणि आधी त्या दुसऱ्या राज्याकडून मोकळीक आणा असे त्याला सांगितले जाते. ते राज्य म्हणते, आधी न्यायालयातले प्रकरण मिटवा. न्यायालय म्हणते, आधी वॉरंटचे बघा. मुलांना शाळेत सोडण्यापासून नोकरीपर्यंत सगळे गाडीवर अवलंबून असलेल्या देशात हे अडकणे फार जाचक ठरते.

वॉरंट आणि प्रत्यार्पण

भारतात गोव्याच्या न्यायालयाने काढलेले अटक वॉरंट पुण्यातही बजावता येते, कारण फौजदारी प्रक्रियेचा कायदा देशभर एकच आहे. अमेरिकेत एका राज्याचे वॉरंट दुसऱ्या राज्यात थेट चालत नाही. तिथे प्रत्यार्पण लागते. संविधानाच्या चौथ्या अनुच्छेदात फरारी आरोपीला परत पाठवण्याचे कर्तव्य लिहिलेले आहे, पण सर्वोच्च न्यायालयाच्या १८६१ च्या निकालानंतर शतकाहून अधिक काळ केंद्रीय न्यायालये ते कर्तव्य राज्यपालांवर लादू शकत नव्हती. १९८७ मध्ये प्वेर्तो रिको विरुद्ध ब्रॅनस्टॅड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका सोडून दिली.

व्यवहारात साध्या ‘मिसडिमिनर’ (सौम्य गुन्ह्याच्या) डीयूआयसाठी खर्च करून दूरच्या राज्यातून आरोपीला आणणे विरळाच. वॉरंट कुठवर जाऊन बजावायचे, याची मर्यादा बहुधा त्याच्या नोंदीतच असते. ती राज्यापुरती, शेजारच्या राज्यांपुरती किंवा देशभराची असू शकते. अपघातात कुणी जखमी झाले वा मेले असेल, किंवा आधीच्या शिक्षांमुळे गुन्हा ‘फेलनी’ (गंभीर गुन्हा) झाला असेल, तर मात्र आणायला माणसे येतात. सौम्य वॉरंटही एफबीआयच्या एनसीआयसी या संगणकीय यादीत असू शकते. मग मागचा दिवा बंद म्हणून गाडी थांबवणाऱ्या पोलिसालाही ते दिसते, आणि त्या राज्यातून उत्तर येईपर्यंत कोठडीत बसावे लागण्याचा धोका असतो.

काही वर्षे काढली की मुदत संपेल, ही आशाही फोल आहे. मुदतीचा कायदा आरोप दाखल करण्यापुरता आहे. खटला दाखल होऊन वॉरंट निघाल्यावर ते मागे घेतले जाईपर्यंत जिवंत असते.

व्हिसावर असलेल्यांची स्थिती

न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियाच्या बे एरियापर्यंत हजारो मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांतले अनेकजण एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असतात. दुर्लक्ष सर्वांत महाग पडते ते त्यांनाच. २०१५ पासूनच्या परराष्ट्र खात्याच्या धोरणानुसार गेल्या पाच वर्षांतली दारू पिऊन गाडी चालवल्याची नुसती अटकही व्हिसा रद्द करायला पुरते. दोषसिद्धी लागत नाही. तेवढ्याने देशातला मुक्काम आपोआप बेकायदा ठरत नाही. पण आईवडिलांना भेटायला भारतात आल्यावर परतीसाठी नवा व्हिसा लागतो. डीएस-१६० अर्जात अटकेचा प्रश्न असतो, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात न्यायालयाच्या निकालाचा प्रमाणित कागद मागितला जातो. खटला सोडून आलेल्याकडे तो कागद असूच शकत नाही. घरच्यांना कळू नये म्हणून लपवलेली गोष्ट अशा वेळी अचानक सर्वांसमोर येते. अर्जात अटक लपवणे हा तर त्याहून गंभीर दोष आहे.

पहिल्या साध्या डीयूआयवरून सहसा हद्दपारी होत नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण भीतीपोटीच पुष्कळजण खटल्यापासून पळतात. २००४ मध्ये लिओकल विरुद्ध अॅशक्रॉफ्ट या फ्लोरिडातून आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की निष्काळजीपणे इजा करणारे डीयूआयदेखील हद्दपारीला पात्र असा ‘हिंसेचा गुन्हा’ नाही. नागरिकत्वासाठी मात्र चांगल्या वर्तनाची अट असते, आणि २०१९ च्या अॅटर्नी जनरलांच्या निर्णयानुसार त्या अटीच्या कालावधीत दोन दोषसिद्धी असल्यास अर्जदार ती पाळत नाही असेच गृहीत धरले जाते. नायगाराच्या पलीकडच्या काठाचाही प्रश्न उभा राहतो: डिसेंबर २०१८ पासून कॅनडात नशेत गाडी चालवणे गंभीर गुन्ह्यांत मोडते आणि त्या कारणाने सीमेवरून परत पाठवले जाऊ शकते.

इतर परिणाम

विम्याचा हप्ता वाढतो. परवाना परत मिळवताना अनेक राज्ये एसआर-२२ हे विम्याचे प्रमाणपत्र मागतात, फ्लोरिडा व व्हर्जिनियात त्याहून कडक एफआर-४४. व्यावसायिक परवानाधारकाला स्वतःच्या खासगी गाडीतल्या दोषसिद्धीमुळेही पहिल्या वेळी एक वर्ष व्यावसायिक वाहन चालवता येत नाही.

प्रकरण पुन्हा हाती घेणे

पहिले पाऊल म्हणजे ज्या राज्यात खटला आहे तिथलाच वकील करणे. घराजवळच्या वकिलाला तिथे उभे राहण्याची मुभा सहसा नसते. वॉरंट मागे घेण्याचा अर्ज तो करतो. कॅलिफोर्नियात सौम्य गुन्ह्यांत आरोपीऐवजी वकील हजर राहू शकतो, मात्र डीयूआयमध्ये न्यायाधीश आरोपीला स्वतः यायला सांगू शकतात. काही राज्यांत प्रत्यक्ष जाण्यावाचून गत्यंतर नसते. सक्तीचे वर्ग पुष्कळदा न्यायालयाच्या संमतीने स्वतःच्या राज्यात पूर्ण करता येतात. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी न्यायालयाने घातलेली देखरेख) दुसऱ्या राज्याकडे सोपवण्याचा आंतरराज्य करार दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या डीयूआयलाही लागू होऊ शकतो.

बरीच वर्षे लोटली असतील तर जलद सुनावणीच्या घटनात्मक हक्काचा मुद्दा येतो. १९९२ च्या डॉगेट खटल्यात आरोप ठेवल्यापासून अटकेपर्यंत साडेआठ वर्षे गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला दिलासा दिला, कारण आपल्यावर आरोप आहे हे त्याला ठाऊक असल्याचे सिद्ध झाले नव्हते आणि दिरंगाई सरकारची होती. हजर राहण्याच्या वचनावर सही करून निघून गेलेल्या माणसाच्या बाबतीत विलंबाचा दोष न्यायालये त्याच्याच पदरात टाकतात. दरम्यान साक्षीदार पोलीस निवृत्त झाला वा मूळ नोंदी गहाळ झाल्या, तर कधीकधी सरकारी पक्ष नरमतो आणि आरोप सौम्य करायला राजी होतो. पण तशी बोलणी वकिलामार्फत न्यायालयासमोर आल्यावरच सुरू होतात.