कोल्हापूरच्या काट्यावर रॉक का लागत नाही?

वायरचा इअरफोन खुपसल्याशिवाय मोबाइलमधला एफएम चालत नाही, कारण ती वायरच त्याची एरियल असते. अशी वायर लावून रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसावं आणि काटा ८८ पासून १०८ पर्यंत सरकवत न्यावा. ९४.३ ला टोमॅटो एफएम, ९८.३ ला मिर्ची, १०२.७ ला आकाशवाणी कोल्हापूर. रेडिओ सिटीही आहे. हिंदी हिट, मराठी हिट, सराफाची जाहिरात, थोडी चेष्टामस्करी, पुन्हा हिंदी हिट. ज्याला अमेरिकेत ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात, ते कर्कश गिटारचं, जरा तिरपागडं संगीत या पट्टीवर कुठंच लागत नाही. कधी लागलंही नाही.

तिकडच्या एखाद्या शहरातलं असं स्टेशन बंद पडल्याची बातमी आली की इथले चार कानसेनही हळहळतात, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "आता रेडिओ ऐकतंय कोण भावा, सगळं मोबाइलवर आलंय." हे अर्धंच खरं आहे. त्यातली नावाजलेली स्टेशनं बंद झाली तेव्हा ऐकणारे होते. पण ज्या लहरीवर (फ्रिक्वेन्सीवर) ती वाजत होती, तिचा भाव गाण्यांच्या कमाईच्या वर गेला होता. रिंगरोडला लागलेलं रान एनए झालं की मग त्यात ऊस किती टनाचा निघतो याला अर्थ उरत नाही, तसं. आणि कुळकायदा काही लहरींना लागू नाही.

डब्ल्यूएचएफएसचं उदाहरण घ्या. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा गावात १९६१ साली सुरू झालेलं हे स्टेशन साठचं दशक संपताना रॉककडे वळलं. निवेदकाला आवडेल ते लावायची मुभा होती. दुसऱ्या कुणी हात न लावलेले बँड, स्थानिक पोरांच्या रेकॉर्डी, एकेक अख्खी बाजू. १९८३ मध्ये ते विकलं गेलं आणि पुढे ॲनापोलिसच्या ९९.१ वर गेलं. १९९० पासून स्टेशनच्या नावानं संगीताची जत्रा भरायला लागली, ती पुढे स्टेडियम भरण्याइतकी वाढली. १२ जानेवारी २००५ ला भर दुपारी बारा वाजता रॉक थांबलं आणि त्याच लहरीवर स्पॅनिश भाषेतलं 'एल सोल' सुरू झालं. आयफोन यायला अजून दोन वर्षं होती. तेव्हा मोबाइलला दोष देता येत नाही. मालक इन्फिनिटी ब्रॉडकास्टिंग ही देशभर स्टेशनं असलेली कंपनी. त्या भागात स्पॅनिश बोलणारी वस्ती वाढत होती, तिच्यासाठी मोठं एफएम नव्हतं, आणि कंपनीच्या हिशेबात ही लहर तिथं जास्त कमावणार होती. रॉक ऐकणारी पोरं कुठं गेली नव्हती.

बॉस्टनच्या डब्ल्यूएफएनएक्सची गोष्ट जरा निराळी. हे १९८३ पासूनचं, आणि 'बॉस्टन फिनिक्स' या साप्ताहिकाच्या घरातलं. २०१२ मध्ये लहर आणि ट्रान्समीटर क्लिअर चॅनल कंपनीला १ कोटी ४५ लाख डॉलरला विकले गेले. इथं इंटरनेटचा हात होता, पण आडून: साप्ताहिकाच्या जाहिराती आटल्या होत्या आणि घरात विकण्यासारखी सगळ्यात महाग वस्तू म्हणजे ती लहर. ती विकूनही साप्ताहिक वाचलं नाही, पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तेही बंद झालं.

या सगळ्याच्या मुळाशी १९९६ चा अमेरिकेचा दूरसंचार कायदा आहे. त्याआधी एका मालकाला देशभरात ४० पेक्षा जास्त स्टेशनं ठेवता येत नव्हती. कायद्यानं ही देशपातळीवरची मर्यादाच काढली आणि मोठ्या शहरात एकाला आठपर्यंत स्टेशनं घ्यायची मोकळीक दिली. काही वर्षांतच एकट्या क्लिअर चॅनलकडे बाराशेच्या वर स्टेशनं जमली. खरेदी कर्ज काढून झालेली, त्यामुळे प्रत्येक लहरीनं हप्त्यापुरतं तरी कमवायलाच हवं. गावातला मालक असता तर एखादं वर्ष तोट्यात काढलं असतं, मुलाच्या आवडीसाठी का होईना. दूरच्या शहरातल्या हिशेबनीसाला अशी मुलं नसतात.

आता आपल्याकडे. इथं गोष्ट उलट्या टोकानं सुरू होते, कारण इथं लहर विकायला काढण्याआधी साठ-पासष्ट वर्षं ती सरकारचीच होती. त्याआधीचा खासगी प्रयोगही अल्पायुषी ठरला. २३ जुलै १९२७ ला मुंबईत सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तीन वर्षंही न भरता १९३० मध्ये दिवाळखोरीत निघाली. म्हणजे स्टेशन बुडण्याची परंपरा आपल्याकडे पहिल्या स्टेशनापासूनची आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ नभोवाणी खातं होतं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे. पुण्याचा माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भक्त. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. (हार्मोनियमवर बंदी होतीच, ती मात्र १९४० ची, केसकरांच्या आधीची.) मग लोकांनी काय केलं? भजनं ऐकली? छे. काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. युद्धात दोस्त सैन्यानं तिथं उभारलेला जोरकस शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर आयता मिळालेला, आणि १९५२ च्या डिसेंबरपासून त्यावर अमीन सयानींची बिनाका गीतमाला. बुधवारी रात्री पेठांतल्या ज्या घरात रेडिओ असे, त्याच्या ओसरीवर गल्ली जमायची, असं जुनी माणसं सांगतात. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली तीच मुळी निसटलेला श्रोता परत आणायला. त्या काळात हिंदी सिनेमाचं गाणं हेच 'ऑल्टरनेटिव्ह' होतं, हे आज सांगितलं तर कुणाला पटणार नाही.

कोल्हापूरला घरचं म्हणावं असं केंद्र बरीच वर्षं नव्हतंच. १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी आली आणि तिची मीडियम वेव्ह आपण आपलीच मानली. शेतीचं, बायकांचं, नाट्यसंगीत, बातम्या. देवल क्लबच्या आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या गावाला शास्त्रीय संगीत परकं नव्हतं, तेव्हा तक्रार कुणी केली नाही. इंग्रजी गाणं मात्र शॉर्टवेव्हच्या खरखरीतूनच. बीबीसी, व्हॉइस ऑफ अमेरिका, आवाज लाटेसारखा वर येणार आणि नेमका सोलोच्या वेळी बुडणार.

रॉक कोल्हापुरात आलं ते रेडिओनं नव्हे, केबलनं आणि कॅसेटनं. १९९१ नंतर गल्लोगल्ली केबल ओढली गेली आणि त्यावरून एमटीव्ही घरात शिरला. हॉस्टेलवर पुण्या-मुंबईचा एखादा पोरगा असायचा, त्याच्या बॅगेत चार ओरिजिनल कॅसेटी. त्यावरून रेकॉर्डिंगच्या दुकानात कोरी नव्वद मिनिटांची भरून घ्यायची. दुकानदाराला बँडचं नाव वाचता यायचं नाही, तो पाठीमागं पेन्सिलीनं 'इंग्लिश धांगडधिंगा' एवढंच लिहायचा. आमच्याकडे त्या नावाच्या तीन कॅसेटी होत्या आणि तिन्हींत काय आहे ते लावल्याशिवाय कळत नसे. कार्यक्रमाचं आश्चर्य हा रेडिओचा गुण असेल, तर तो आमच्याकडे पेन्सिलीनं आणला.

खासगी एफएमची सुरुवात १९९३ ची. आकाशवाणीनं दिल्ली-मुंबईत आपल्या एफएमवरचे तास भाड्यानं दिले, पाच वर्षांनी ते काढून घेतले. मध्ये, ९ फेब्रुवारी १९९५ ला, क्रिकेट सामन्याच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. निकाल उत्तम होता. पण सार्वजनिक मालमत्तेचं पुढे काय करायचं याचं उत्तर सरकारनं एकच शोधलं: लिलाव.

पहिल्या टप्प्यात ४० शहरांतल्या १०८ लहरी बोलीला काढल्या. मुंबईत एका लहरीची वर्षाची फी गेली ९ कोटी ७५ लाखांवर, शिवाय दरवर्षी १५ टक्के वाढ. देशभरात प्रत्यक्षात सुरू झाली जेमतेम वीस-बावीस स्टेशनं. त्यातलं मुंबईचं 'गो ९२.५' इंग्रजी गाण्यांचं होतं, २००२ चं. पुढे त्याचंच रेडिओ वन झालं आणि ते हिंदीकडे वळलं. वर्षाच्या फीचा आकडा डोक्यावर असताना कोण अनोळखी बँड लावणार?

२००५ च्या दुसऱ्या टप्प्यात हे सुधारलं. एकरकमी प्रवेश फी आणि मग उत्पन्नाचे ४ टक्के, अशी रीत आली. ९१ शहरांच्या यादीत कोल्हापूर होतं, आणि याच टप्प्यात आपल्याकडे खासगी एफएम वाजायला लागलं. टोमॅटो एफएम पुढारी समूहाचं, म्हणजे बॉस्टनसारखंच वृत्तपत्राच्या घरातलं. कोल्हापुरी बोलीत बोलणारा निवेदक रेडिओवर ऐकण्यात जी मजा होती, ती त्या वेळी नवी होती, हे मान्य केलं पाहिजे. 'स्थानिक' या शब्दाला आवाज मिळाला. 'पर्यायी' मात्र वाट्याला आलं नाही, आणि त्याची कारणं निवेदकांच्या आवडीनिवडीपेक्षा नियमांत जास्त आहेत.

एका शहरात दोन एफएम लहरींमध्ये ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर ठेवायचं, असा आपला दंडक. ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ हे ओळखीचे आकडे तसेच पडतात. नियामक 'ट्राय'नं हे अंतर निम्म्यावर आणा म्हणून शिफारस केली होती. त्यात तीन ते दहा लाख वस्तीच्या शहराला खासगी लहरी चारच. चारांतल्या प्रत्येकानं बोली लावून लहर घेतलेली, तेव्हा प्रत्येकाला सगळं गाव हवं, आणि सगळ्या गावाला एकदम हवं असतं ते सिनेमाचं ताजं गाणं. बारा लहरी असत्या तर बाराव्याला वाटलं असतं, हिंदीत अकरा जण भांडताहेत, आपण दुसरं काही करून बघू.

२०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात यावर एक तोड होती. एकाच शहरात एका कंपनीला एकाहून जास्त लहरी घ्यायला परवानगी दिली: शहरातल्या एकूण लहरींच्या ४० टक्क्यांपर्यंत, आणि किमान तीन वेगवेगळे मालक राहतील अशा बेतानं. एकीवर हिट लावा, दुसरीवर काही वेगळं, अशी अपेक्षा. मुंबई-दिल्लीत त्याचा उपयोग झाला, तिथं एचटी मीडियानं दुसऱ्या लहरीवर रेडिओ नशा आणलं (जुनी हिंदी गाणी, रॉक नव्हेच). कोल्हापूरचं गणित मात्र दुसरीच्या पोराला जमेल असं आहे. चाराचे ४० टक्के म्हणजे १.६. मालकाला लहर मिळणार एकच. ज्या सवलतीतून वेगळं संगीत येऊ शकत होतं, ती आपल्या गावाच्या आकारालाच लागू पडत नव्हती.

गाण्यांच्या रॉयल्टीवर खापर फोडलं जातं, ते २०१० पर्यंत ठीक होतं. त्या वर्षी कॉपीराइट बोर्डानं जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवून दिला, म्हणजे लहान गावातल्या स्टेशनाला ते झेपण्याजोगं झालं. खरी गोम मोजणीत होती. श्रोते मोजणारी 'रॅम' नावाची पद्धत २००७ मध्ये आली, ती महानगरांपुरती. कोल्हापूरचा श्रोता त्यात नव्हताच. राजारामपुरीत चारशे पोरं रात्री रॉक ऐकतील असं छातीवर हात ठेवून सांगितलं तरी जाहिरातदाराला दाखवायला कागद नव्हता. शिवाय खासगी एफएमला बातम्यांची बंदी, फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावा. टोलचं आंदोलन पेटलेलं असताना, शहराची हद्दवाढ गाजत असताना, त्यावर चर्चा घडवणारं स्टेशन तरुणांचा अड्डा बनलं असतं. तिकडची रॉक स्टेशनं नुसत्या गाण्यांवर जगली नव्हती.

एक वाट वरून आली होती, अक्षरशः. वर्ल्डस्पेस. एशियास्टार उपग्रहावरून थेट रेडिओ, त्यासाठी वेगळा संच, वर्षाची वर्गणी. जाहिराती जवळपास नाहीत. ए. आर. रहमान त्यांचा चेहरा. कोल्हापुरातून त्याची चौकोनी एरियल आग्नेयेकडे तोंड करून ठेवावी लागे. ज्याची गच्ची त्या बाजूला मोकळी तो भाग्यवान, बाकीचे शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीला शिव्या देत. गांधर्व वाहिनीवर हिंदुस्थानी शास्त्रीय आणि दोन बटणं पुढे रॉक, एकाच घरात बाप-लेक दोघंही खूश, असा प्रकार पुन्हा झाला नाही. मूळ अमेरिकी कंपनी ऑक्टोबर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे बहुतेक वर्गणीदार भारतातले होते, तरी ३१ डिसेंबर २००९ ला इथली सेवा थांबली. श्रोते इथं, कर्ज तिथं. संच अजून काहींच्या माळ्यावर आहेत, दुसऱ्या कशालाच उपयोगी पडत नाहीत.

कम्युनिटी रेडिओची परवानगी २००६ पासून संस्थांनाही आहे. सांगली जिल्ह्यात जालिहाळची येरळावाणी, साताऱ्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी त्यातूनच उभ्या राहिल्या. शंभर वॅटची ताकद, दहा-पंधरा किलोमीटरची पोच, पाणी-पीक-आरोग्याचे विषय. कोल्हापूर शहर एवढ्या पोचीत आरामात बसतं. पण परवाना संस्थेला मिळतो, गिटार घेऊन बसलेल्या चार मित्रांना नाही, आणि कार्यक्रमांतला निम्मा भाग तरी स्थानिक हवा. कोल्हापुरातले बँड पुरेसे झाले तर ही अट उलट उपयोगाची ठरेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं आणखी २३४ गावांसाठी ७३० लहरींच्या लिलावाला मंजुरी दिली. ७३० ला २३४ नं भागलं तर गावाला साधारण तीन येतात. तिनाचे ४० टक्के १.२.